अकरा महिन्यांचा करार आणि सहा वर्षांची हजेरी

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात सहा वर्षांपासून काम करते. कंपनीच्याच रोलवर आहे, कंत्राटदाराकडे नाही. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, आठ-दहा दिवस घरी बसवतात आणि नवा करार करून परत घेतात. दर वेळी राजीनाम्याच्या छापील कागदावर आणि फुल अँड फायनलच्या पावतीवर सही घेतात. शिफ्ट आठ तासांची आहे, पण महिन्यातून तीसेक तास जास्त थांबावं लागतं. त्याचे पैसे एकपटीने मिळतात. या वेळच्या करारात दोन नवी कलमं आहेत. एकात लिहिलंय, 'ठरलेल्या पगारात ओव्हरटाइमचा मोबदला समाविष्ट आहे.' दुसऱ्यात, 'ही नवी नेमणूक असून आधीची कोणतीही सेवा सलग सेवा म्हणून धरली जाणार नाही.' मी विचारलं तर एचआरचे साहेब म्हणाले, बाळंतपणाच्या रजेवर गेलात तेव्हाच तुमची सेवा तुटली. शनिवारपर्यंत सही करायची आहे. केली तर सगळं जाईल, नाही केली तर नोकरी जाईल. काय करू?

उत्तर

ताई,

आधी मनावरचं ओझं थोडं हलकं करते. तुमच्या सहीने सहा वर्षं पुसली जात नाहीत. कायद्याने दिलेला हक्क कमी करणारं कलम करारात लिहिलं आणि त्याखाली कामगाराची सही असली, तरी त्या कलमाला कायद्यापुढे किंमत नसते. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेच्या, १९७२ च्या कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलेलं होतं: करारात जास्त देता येतं, कमी देता येत नाही. नोकरी देणारा आणि नोकरी मागणारा यांची ताकद सारखी नसते, 'सही कर नाहीतर जा' अशा परिस्थितीत लिहून घेतलेलं अन्यायकारक कलम टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच ब्रजनाथ गांगुली खटल्यात सांगितलं. तो खटला सरकारी मालकीच्या महामंडळाविरुद्ध होता, त्यामुळे खासगी कारखान्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण त्यातला विचार तुमच्या परिस्थितीला तंतोतंत लागू पडतो.

आता दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचा. एक तुमचे तास गायब करतं, दुसरं तुमची वर्षं. कायदा मात्र कागदावर काय लिहिलंय ते मोजत नाही, तुम्ही प्रत्यक्ष किती काम केलंत ते मोजतो. म्हणूनच तुमच्यासाठी खरा प्रश्न सहीचा नाही. ती मोजदाद कोणाच्या हातात आहे, हा आहे. आज ती सगळी कंपनीच्या हातात आहे, आणि मला काळजी वाटते ती याच गोष्टीची.

तासांपासून सुरुवात करू. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला ठरवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही दर दुप्पटच आहे. शिवाय कामाचा दिवस ८ तासांचा धरला आहे आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागते. नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या तासांचा हिशोब जुन्या कायद्याने होईल, नंतरचा नव्याने. दोन्हीकडे दुप्पट आहे, त्यामुळे त्या घोळात तुम्हाला फार शिरावं लागणार नाही.

जुन्या कायद्यात मात्र एक खाच होती आणि कंपन्या तिथेच बोट ठेवतात. 'दिवसाला नऊ तासांपर्यंत चालतं, तुम्ही आठच तर करता, मग नववा तास एकपटीनेच,' असं सांगितलं जातं. तुमच्याकडेही सांगितलं असेल. पण आठवड्याचा हिशोब करा. सहा दिवस आठ-आठ तास केले की ४८ भरले. ज्या आठवड्यात तुम्ही सहाही दिवस कामावर होता, त्या आठवड्यातला प्रत्येक जादा तास ४८ च्या वर जातो, म्हणजे दुप्पट दराचा होतो. नवव्या तासाचा युक्तिवाद टिकतो तो फक्त ज्या आठवड्यात तुमची एखादी सुट्टी पडली असेल तिथे.

आकड्यांत मांडते. तुम्ही पगार कळवला नाहीत, म्हणून सोपा आकडा धरते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये असतील तर २६ दिवसांनी भागून रोजचे ६०० होतात, आठ तासांनी भागून तासाचे ७५. दुप्पट दर १५०. महिन्याच्या ३० तासांचे ४,५०० व्हायला हवेत, तुम्हाला २,२५० मिळत आले. नव्या कलमाप्रमाणे ते २,२५० सुद्धा जातील, तास मात्र तेवढेच राहतील. इतर भत्ते दरात धरले तर आकडा आणखी वाढतो. तुमच्या पे-स्लिपवरचे खरे आकडे घालून हेच गणित करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींनी हे गणित कधीच केलेलं नसतं, आणि एकदा केलं की त्यांची बोलण्याची पद्धतच बदलते.

'पगारात ओव्हरटाइम समाविष्ट' हे कलम कारखान्यात तपासणीचं काम करणाऱ्या कामगाराला लावता येत नाही. दुप्पट दर हा कायद्याने ठरवलेला किमान दर आहे, कंपनीची मेहेरबानी नाही. कोरोनाच्या काळात गुजरात सरकारने एक अधिसूचना काढून कारखान्यांना रोज बारा तास काम घ्यायची मुभा दिली होती आणि जादा तासांना दुप्पट दर द्यायची गरज नाही असं ठरवलं होतं. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळातल्या जादा तासांचे पैसे कामगारांना द्यायला सांगितलं. जे राज्य सरकारला महामारीत जमलं नाही, ते कारखान्याला कराराच्या एका ओळीत कसं जमेल?

एक शक्यता तेवढी लक्षात ठेवा. असं कलम पचावं म्हणून कधीकधी हुद्दा बदलतात. 'क्वालिटी इन्स्पेक्टर'ची 'असिस्टंट सुपरवायझर' होते, काम तेच, टेबल तेच. व्यवस्थापनाच्या आणि देखरेखीच्या कामावर असणाऱ्यांना ओव्हरटाइमच्या तरतुदींतून बरंचसं वगळलेलं आहे, म्हणून हा उपद्व्याप. पण न्यायालय हुद्द्याची पाटी बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. दिवसभर हातात गेज घेऊन पार्ट तपासणारी बाई पाटी बदलल्याने साहेब होत नाही. नव्या करारात तुमचा हुद्दा काय लिहिलाय ते नीट वाचा.

आता वर्षांकडे येते. खरा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

'सलग सेवा' म्हणजे एकही दिवस न चुकता कामावर येणं, असा समज आपल्याकडे पसरलेला आहे. कायद्यातला अर्थ तसा नाही. आजारपण, अपघात, रजा, ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कायदेशीर संप, टाळेबंदी किंवा कामगाराची चूक नसताना काम बंद राहणं, यांपैकी कशानेही सेवा तुटत नाही. आणि समजा मध्ये खंड पडलाच, तरी दुसरा एक मार्ग कायद्याने ठेवला आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर ते वर्ष सलग सेवेचं वर्ष धरतात. हे २४० दिवस मोजताना फक्त प्रत्यक्ष पंच केलेले दिवस मोजायचे नसतात. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणाच्या सुट्ट्याही त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सांगितलं.

म्हणजे अकरा महिन्यांच्या कराराचं काय होतं ते बघा. अकरा महिने म्हणजे साधारण ३३० दिवस. त्यातून बिनपगारी सुट्ट्या आणि खाडे वजा केले तरी २४० चा आकडा आरामात पार होतो. 'ब्रेक दिला, सेवा तुटली' ही समजूत आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये इतकी मुरली आहे की कामगारही ती खरी मानतात. अकरा महिन्यांनी दिलेला आठ-दहा दिवसांचा ब्रेक २४० दिवसांच्या हिशोबाला धक्का लावत नाही.

तुमच्या बाळंतपणाच्या रजेबद्दल साहेबांनी जे सांगितलं ते सरळ चुकीचं आहे, आणि त्याचा मला मनापासून राग आला. कायद्याप्रमाणे घेतलेली प्रसूती रजा सेवा तोडत नाहीच, उलट २४० दिवसांच्या मोजणीत ते दिवस काम केल्याचे दिवस म्हणून धरले जातात. ग्रॅच्युइटीसाठी ही मर्यादा आधी १२ आठवड्यांची होती, २०१८ मध्ये ती २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. त्या वर्षी बाकीचे अठ्ठावन्न दिवस तुम्ही कामावर होता एवढं दाखवता आलं की २४० झाले. त्या रजेच्या मंजुरीचा कागद किंवा ईएसआयकडून (कामगार राज्य विमा) मिळालेल्या प्रसूती लाभाची नोंद आजच शोधून ठेवा.

या वर्षांचे पैसे किती होतात? ग्रॅच्युइटी दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिना २६ दिवसांचा धरून. वरच्याच उदाहरणात ६०० गुणिले १५ म्हणजे वर्षाचे ९,०००, सहा वर्षांचे ५४,०००. पाच वर्षांची अट तुम्ही ओलांडलेली आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगारालाही एक वर्षाच्या सेवेनंतर मुदतीच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी ठेवली आहे. 'आधीची सेवा धरली जाणार नाही' हे कलम नेमकं आत्ताच करारात का आलं, याचं उत्तर मला त्या तरतुदीत दिसतं.

इथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. २४० दिवस भरले म्हणजे आपोआप कायम झालो, असं नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे, आणि आता नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणेही, २४० दिवसांनी मिळतं ते कामगार कपातीच्या वेळचं संरक्षण: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई. ठरावीक मुदतीचा करार मुदत संपल्यावर संपला तर ती कपात धरली जात नाही, हेही कायद्यातच आहे आणि कंपनी त्यावरच बोट ठेवेल. पण काम बारमाही, माणूस तोच, जागा तीच, आणि करार मात्र सहा-सहा वेळा नवा, अशा वेळी करार खरा आहे की नुसता आडोसा, हे न्यायालय तपासतं. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा आहे. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून एखाद्याला वर्षानुवर्षं हंगामी किंवा बदली म्हणून ठेवणं ही त्यात अनुचित प्रथा मानली आहे. ही लढाई लढता येते, पण ती लांबते. ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइमचं प्रकरण त्या मानाने सरळ आहे, म्हणून आधी ते पक्कं करा.

आणि आता ज्या कागदाची तुम्ही पत्रात अगदी सहज नोंद केलीत, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते: तो राजीनाम्याचा छापील कागद. ब्रेक कंपनीने दिला असेल तर ती तुमची चूक नसते. पण 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असं तुमच्या सहीनिशी लिहिलेलं असलं, की कंपनीला म्हणता येतं, यांनी स्वतःच नोकरी सोडली. सहा राजीनामे आणि दर वेळी दहा दिवसांत पुन्हा नेमणूक, हा प्रकार बघून न्यायाधीशाला संशय येईलच, पण तो कागद नसलेलाच बरा. पुढच्या वेळी राजीनाम्यावर सही करू नका. फारच दबाव आला तर हाताने कारण लिहा: 'कराराची मुदत संपल्यामुळे, कंपनीच्या सांगण्यावरून.' एवढ्या पाच शब्दांनी कागदाचा अर्थ फिरतो. फुल अँड फायनलच्या पावतीवरही रक्कम मिळालेली असेल तेवढीच लिहा आणि 'आता काही येणं नाही' ही ओळ असेल तर ती खोडून सही करा, किंवा सहीशेजारी 'ग्रॅच्युइटी व ओव्हरटाइम बाकी' असं लिहा. कोऱ्या किंवा मागची तारीख घातलेल्या कागदावर काहीही झालं तरी सही नको.

मघाशी मोजदादीचं म्हटलं ते यासाठी. २४० दिवस भरल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर असते आणि नुसतं शपथपत्र पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलेलं आहे. हजेरीची नोंद कंपनीच्या मशीनमध्ये, पे-स्लिप कंपनीच्या पोर्टलवर, आणि ज्या दिवशी तुमचं लॉगिन बंद होतं त्या दिवशी दोन्ही जातं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक कामगार आमच्या कार्यालयात भिंतीवरच्या सात दिनदर्शिका गुंडाळून घेऊन आला होता. बायको दुधाचा हिशोब लिहायची त्याच चौकटीत तो पेन्सिलीने आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहायचा. ८–६, ८–८, सुट्टी, ८–७. कंपनीने सांगितलं, जुने रेकॉर्ड नष्ट झाले. मग त्या दिनदर्शिका पुढे ठेवल्या. वर दुधाचे लिटर, खाली तास, सात वर्षं रोजच्या रोज. असा हिशोब एका रात्रीत बनवता येत नाही हे बघणाऱ्याला लगेच कळतं. समोरच्या वकिलाने दोन तारखांनंतर तडजोडीची भाषा सुरू केली.

तुमच्याकडे याहून पुष्कळ साधनं आहेत. पीएफचं पासबुक यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) घालून उघडतं, त्यात कोणत्या महिन्यात कोणत्या कंपनीने पैसे भरले ते सलग दिसतं. सहा वर्षं एकाच कंपनीचं नाव येत असेल तर सेवा दाखवायला त्याहून चांगला कागद नाही, कारण तो कंपनीनेच भरलेला आहे. पासबुकात ओव्हरटाइम मात्र दिसणार नाही, पीएफ त्यावर कापला जात नाही. नव्या संहितांच्या आधी ईएसआयची वर्गणी ओव्हरटाइमवरही कापली जायची, त्यामुळे त्या काळात ज्या महिन्यात जास्त थांबलात त्या महिन्याची कपात जास्त दिसायला हवी. ती सपाट असेल तर ओव्हरटाइम हातात देऊन नोंदीबाहेर ठेवला, असा अर्थ निघू शकतो. सुपरवायझरचे 'आज आठपर्यंत थांबायचंय' असे व्हॉट्सअॅपवरचे निरोप, पहिलं ओळखपत्र, कंपनीच्या बसचा पास, सगळे जुने करार, हे सगळं एका पिशवीत आणि त्याचे फोटो घरच्या कोणाच्या तरी फोनमध्ये.

आता शनिवारचं. नोकरी टिकवणं तुमची गरज असेल तर सही करा आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पण सही करायच्या आधी एक छोटा ईमेल एचआरला पाठवा, आपल्या वैयक्तिक पत्त्यावरून. भाषा नम्र आणि साधी ठेवा. असं काहीतरी:

'महोदय, नव्या कराराचा मसुदा मिळाला. करार इंग्रजीत असल्याने त्याची मराठी प्रत मिळावी ही विनंती. माझी पहिली रुजू तारीख अमुक असून तेव्हापासून मी याच विभागात काम करत आहे. माझी आधीची सेवा आणि ओव्हरटाइमचा दर कायद्याप्रमाणे राहील असं समजून मी करारावर सही करत आहे. काही वेगळं असल्यास कृपया लेखी कळवावं.'

उत्तर येवो न येवो, तुमची हरकत तारखेसह नोंदली गेली. त्यांनी उत्तर दिलं नाही तर तेही उद्या उपयोगी पडतं. सही केलेल्या कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या. प्रत नंतर देतो म्हणतात आणि ती 'नंतर' कधी येत नाही.

तुमच्या लाइनवर अशा करारावर आणखी किती जणी आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुम्ही एकट्या नसणार. हाच ईमेल पंधरा जणींनी पाठवला तर एकीला बाजूला काढणं अवघड जातं. कारखान्यात संघटना असेल तर तिच्याकडे आधी जा. नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते, पोच मात्र शिक्क्यासह घ्यायची. कामाच्या तासांबद्दलची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाते. थकलेल्या ओव्हरटाइमचा दावा नव्या वेतन संहितेप्रमाणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, तेव्हा 'नोकरी सोडताना बघू' म्हणून फार लांबवू नका.

आणि पुढचा ब्रेक येईल तेव्हा, पहिल्याच दिवशी सुपरवायझरला आणि एचआरला दोन ओळींचा निरोप टाका: 'मी कामावर यायला तयार आहे, आपण कळवाल त्या दिवशी हजर होईन.' घरी तुम्ही स्वतःहून बसला नाहीत, तुम्हाला बसवलं, याचा पुरावा तोच. आज रात्री मात्र आधी पीएफचं पासबुक उतरवून घ्या आणि पहिल्या हप्त्याचा महिना वहीत लिहून ठेवा. ईमेलमध्ये रुजू तारीख घालताना तो लागेल.